तेजीतही पडून राहिलेली सदनिका: गिऱ्हाईक नेमके कुठून परत जाते ते कसे शोधावे

पुण्यात नव्या गृहप्रकल्पाचा फलक लागला की पाठोपाठ ‘शेवटच्या काही सदनिका शिल्लक’ अशी पाटी लागते, आणि दसऱ्याला विकायला काढलेला शेजारचा फ्लॅट दिवाळीच्या आत गेल्याची गोष्ट सकाळच्या फिरण्यात कोणीतरी सांगतेच. अशा वेळी स्वतःची सदनिका वर्षभर कुलूपबंद असेल, तर मालक आधी एजंटला दोष देतो आणि मग मनाविरुद्ध किंमत दोन लाखांनी उतरवतो. ही दोन्ही निदानाआधीची औषधे आहेत. बाजार तेजीत असताना घर पडून आहे याचा अर्थ गिऱ्हाईकच नाही असा नसतो. गिऱ्हाईक येते आणि कोणत्यातरी एका पायरीवरून परत फिरते. ती पायरी ओळखता आली, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

शिवाय तेजी अशा घराला वाचवत नाही, उलट जास्त बदनाम करते. मंदीत सगळ्यांचीच घरे पडून असतात, त्यामुळे कोणी फारशी चौकशी करत नाही. तेजीत मात्र ‘आजूबाजूचे सगळे गेले, मग हेच का राहिले?’ हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि उत्तर मिळाले नाही तर स्वतःच एक तयार करून घेतो.

पहिली पायरी: वही घाला

गेल्या तीन महिन्यांत किती फोन आले, त्यांपैकी किती जण घर पाहायला आले, किती जण घरातल्या दुसऱ्या माणसाला घेऊन पुन्हा आले, आणि किती जणांशी पैशांची बोलणी झाली, हे चार आकडे मांडा. प्रत्येकाच्या नावापुढे तो का थांबला ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘घरच्यांशी बोलून सांगतो’ हा नकार असतो, कारण नव्हे, त्यामुळे चार दिवसांनी फोन करून नम्रपणे खरे काय ते विचारावे. व्यवहार संपला आहे असे कळले की लोक आश्चर्य वाटावे इतके मोकळेपणाने बोलतात. एजंटकडे चावी असेल, तर त्याच्याकडूनही ही नोंद मागावी. ती त्याच्याजवळ नसेल, तर तुमचे घर तो दाखवतो आहे की समोरचे घर खपवण्यासाठी ‘बघा, हे त्यापेक्षा महाग’ म्हणून वापरतो आहे, याचा विचार करावा.

माझ्या मावशीची कर्वेनगरातली दोन बेडरूमची सदनिका 14 महिने पडून होती. आम्ही सगळे नातेवाईक ‘तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हणून’ असे एकमेकांना पटवत राहिलो. वही घातल्यावर दिसले ते वेगळेच. लिफ्ट नाही हे ऐकून फोनवरच थांबलेले बरेच होते, परंतु जिना चढून आलेल्यांपैकी दोन कुटुंबे टोकन देण्यापर्यंत पोचली होती आणि दोन्ही वकिलाकडून परतली होती. आमचे कारण मजल्यात नव्हते, कपाटातल्या कागदांत होते. त्याकडे पुढे येतोच.

फोनच येत नसतील तर

फोन येत नाहीत याचे कारण शंभरातल्या नव्वद वेळा किंमत हेच असते, असे माझे स्पष्ट मत आहे. किंमत ठरवताना बहुतेक जण शेजारच्या रस्त्यावरील नव्या प्रकल्पाचा प्रति चौरस फूट दर घेतात आणि आपल्या क्षेत्रफळाने गुणतात. या गुणाकारात दोन चुका एकदम होतात. नव्या प्रकल्पाचा दर जिम, दोन पार्किंग, लिफ्ट, जनरेटर आणि नवी इमारत यांसह असतो, ही पहिली. दुसरी अधिक खर्चीक आहे. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, अंमल मे 2017 मध्ये सुरू झाल्यापासून नवे बांधकाम कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, विकले जाते, तर जुन्या करारनाम्यांत बिल्टअप (भिंतींसह) किंवा सुपर बिल्टअप (सामाईक जागेच्या वाट्यासह) क्षेत्र लिहिलेले असते. कार्पेटचा दर सुपर बिल्टअपला लावला, तर जिना आणि पॅसेजही तुम्ही घराच्या भावाने विकायला काढलेले असतात. म्हणून टेप घेऊन भिंतीच्या आतल्या बाजूने खोल्या मोजाव्यात, आणि करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल, तर त्याला 10.764 ने गुणावे.

खरा भाव कळण्याची जागा जाहिरातींचे संकेतस्थळ ही नव्हे, कारण तिथे मागितलेली किंमत दिसते, मिळालेली नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. तिथे गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती, पाहता येते. आपल्याच सोसायटीतले आणि दोन गल्ल्यांतले गेल्या वर्षभरातले चार-पाच व्यवहार काढा, मोबदल्याची रक्कम आणि क्षेत्रफळ लिहून घ्या, आणि मजला, पार्किंग, इमारतीचे वय यांनुसार कमीजास्त करा. हे काम एका रविवारचे आहे. ‘अमक्याने एक कोटी वीसला दिला’ ही पार्किंगमध्ये ऐकलेली बातमी इंडेक्स टूमध्ये बऱ्याचदा एक कोटी चारची निघते.

त्याच बैठकीत वार्षिक मूल्यदर तक्त्यातला, म्हणजे रेडी रेकनरचा दरही पाहून ठेवा. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि सरकारी मूल्य यांपैकी जास्त असेल त्यावर बसते. शिवाय सरकारी मूल्य करारातील किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून अधिक वर गेले, तर आयकरात विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत प्रत्यक्ष भाव सरकारी मूल्याच्या जवळपास येतो. तिथे ‘शेवटी थोडे कमी करू’ म्हणायला किती जागा आहे, हे आधीच माहीत असलेले बरे.

मालकाच्या मनातल्या किमतीत आणखी एक रक्कम दडलेली असते, ती म्हणजे इंटिरियरची. 2012 साली 12 लाख खर्चून केलेले फॉल्स सीलिंग आणि सागवानी कपाटे ही विकणाऱ्याची आठवण असते. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो बऱ्याचदा तोडून टाकण्याचा खर्च असतो.

पाच लाखांसाठी थांबण्याचाही हिशेब मांडावा. 90 लाखांना आज जाणारे घर 95 लाखांच्या आशेने वर्षभर ठेवले, तर त्या 90 लाखांवर मुदतठेवीचे साडेसहा टक्के धरले तरी 5 लाख 85 हजार व्याज बुडते. दरमहा 4,000 रुपये देखभाल धरली तर त्याचे 48,000 होतात, आणि मिळकतकर वेगळा. भाडेकरू असेल, तर त्यातला काही भाग भरून निघतो हे खरे, पण भाडेकरू असलेले घर पाहायला मिळणे किती अवघड असते, हे घर शोधलेल्या कोणालाही विचारावे.

फोन येतात, पण पाहायला कोणी येत नाही

ही पायरी लवकर दुरुस्त होते. जाहिरातीत न लिहिलेली गोष्ट फोनवर कळली की माणूस थांबतो. पार्किंग मालकीचे की सोसायटीने वाटून दिलेले, लिफ्ट आहे की नाही, पाणी महापालिकेचे की टँकरचे, इमारत कोणत्या सालातली, ही चार उत्तरे जाहिरातीतच द्यावीत. फोन कमी येतील, पण येतील ते कामाचे असतील. छायाचित्रे दिवसा, दिवे लावून, आडवी काढावीत आणि दोरीवरचे कपडे आधी काढावेत. याहून अधिक सांगण्यासारखे त्यात काही नाही.

एकच सदनिका पाच एजंटांनी पाच किमतींना टाकलेली असणे हे मात्र गंभीर आहे. खरेदीदार सर्वांत खालची किंमत धरून बोलणी सुरू करतो, आणि मालक फार घाईला आलेला दिसतो. दोनच एजंट ठेवा, दोघांना एकच किंमत लेखी द्या, आणि दलाली किती टक्के व केव्हा देय ते आरंभीच ठरवा.

पाहून जातात, पुन्हा येत नाहीत

आता घराकडे परक्याच्या नजरेने पाहायला हवे, आणि ते मालकाला जमत नाही. म्हणून त्या घरात कधी न आलेल्या एखाद्या परिचिताला बोलवावे आणि तो फाटकापासून दारापर्यंत येताना गप्प राहून मागे चालावे. तुटलेली टपालपेटी, जिन्यातली पानाची पिंक, मीटरच्या खोलीतला अंधार, पार्किंगमधली धूळ खात पडलेली स्कूटर: दार उघडण्याआधीच निम्मे मत झालेले असते. घराच्या आत पहिला शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात दिसलेला बाथरूमखालचा किंवा गच्चीखालचा डाग रंगाने झाकू नये. गळतीचे काम करून घ्यावे, त्याचे बिल जपावे आणि विचारण्याआधीच दाखवावे. रंग आणि नळदुरुस्ती यांपलीकडे मोठा खर्च करू नये, कारण नवे स्वयंपाकघर करून त्याचे पैसे वसूल झाल्याचे मी पाहिलेले नाही.

काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत. दक्षिणेकडे दार असेल, तर ठरावीक गिऱ्हाईक दारातूनच परत जाते आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. नदीकाठच्या इमारतींबाबत खरेदीदार आता नेमके प्रश्न विचारतात. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने घातलेला धुमाकूळही लोक विसरलेले नाहीत. मुठेकाठी निळी पूररेषा कुठून जाते, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, मीटर वर हलवले का, या प्रश्नांची खरी उत्तरे तयार ठेवावीत आणि किंमत त्या उत्तरांना शोभेल अशी सांगावी. दडवलेले पाणी शेजारी सांगतातच.

खरेदीदाराच्या नोकरीची जागाही ध्यानात घ्यावी. हिंजवडीला रोज जाणाऱ्या माणसाला बिबवेवाडीतले सुंदर घर पटवून देता येत नाही. तेच घर स्वारगेटवरून मेट्रो पकडणाऱ्याला लगेच पटेल, कारण पिंपरी-चिंचवडहून येणारी मार्गिका 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत धावते. एजंटला ‘कोणालाही दाखवा’ न म्हणता कोणाला दाखवायचे ते सांगावे.

बोलणी होते आणि व्यवहार फिसकटतो

पुण्यातील जुन्या सदनिका सर्वाधिक इथेच अडतात, आणि किंमत उतरवण्याचा इथे काडीचाही उपयोग होत नाही. खरेदीदाराला घर आवडलेले असते, रक्कम मान्य असते, आणि तरी तो जातो. त्याला परत पाठवणारे दोघे असतात: वकील आणि बँकेचा मूल्यांकनकार.

वकिलाच्या नजरेने कागद पाहावेत. बिल्डरपासून आपल्यापर्यंतचे सर्व नोंदणीकृत करार आणि प्रत्येकाची इंडेक्स टू, नोंदणीच्या पावत्या, सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), महापालिकेचे भोगवटापत्र, मंजूर नकाशा, मिळकतकराची आणि देखभालीची थकबाकी नसल्याचे पुरावे हा किमान संच झाला. मधला एखादा मूळ करार हरवला असेल, तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, हे सगळे खरेदीदार येण्यापूर्वी करून ठेवावे. कर्ज चालू असेल, तर मूळ कागद बँकेत असतात, म्हणून तिथून त्यांची यादी आणि कर्जफेडीच्या रकमेचे पत्र आणावे. घर भाड्याने दिले होते का, हे मिळकतकराच्या देयकातही उमटते. स्वतः राहत असलेल्या मालकाला पुणे महापालिका 40 टक्के सवलत देते, त्यासाठी पीटी-3 अर्ज लागतो, आणि तो न भरल्यामुळे साचलेली थकबाकी अनेकांना ऐन व्यवहारात कळते.

मावशीच्या घराचे घोडे वारसांत अडले होते. काका गेल्यावर सोसायटीने नामनिर्देशनाच्या आधारे भागदाखल्यावर मावशीचे नाव चढवले, आणि आम्हाला वाटले की घर तिचे झाले. नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने सांभाळ करणारी असते, मालक नव्हे. मृत्युपत्र नसल्यामुळे मावशी आणि दोन्ही मुले असे तीन वारस होते, आणि त्यांतला एक परदेशात. अशा वेळी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला घ्यावा, आणि घर एकाच्याच नावे करायचे असेल, तर इतरांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. नोटरीपुढे केलेल्या ना-हरकत पत्राने काम भागत नाही, हे आम्ही एक गिऱ्हाईक गमावून शिकलो. परदेशातील मुलाने तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवले, तर ते भारतात पोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे सारे व्हायला आम्हाला 5 महिने लागले. घर विकायला काढण्याआधी सुरू केले असते, तर पहिलेच कुटुंब आज तिथे राहत असते.

विकणाराच अनिवासी असेल, तर खरेदीदाराच्या मनात आणखी एक भीती असते. विकणारा निवासी आणि किंमत 50 लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने 1 टक्का कर कापून भरायचा असतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत कपात भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे दीर्घकालीन असल्यास साडेबारा टक्के अधिक अधिभार व उपकर अशी होते, आणि आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नसेल, तर सावध खरेदीदार ती संपूर्ण किमतीवर करतो. तो दाखला मालकाने आधीच मागावा. खरेदीदाराने हे प्रथम आपल्या सनदी लेखापालाकडून ऐकले, तर तो बहुधा परत येत नाही.

सोसायटीचे कागद हा वेगळा विषय. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे तिची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावे होणे, झाले आहे का, हे वकील विचारतोच. बिल्डरने ते करून दिले नसेल, तर 2008 च्या दुरुस्तीनंतर जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण करून घेता येते. ते एका सभासदाच्या हातात नसते, पण अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे याचे पत्र तरी सचिवांकडून घ्यावे. पुनर्विकासाची चर्चा चालू असलेल्या कोथरूड-एरंडवण्यासारख्या भागांत तर मालक वाढीव क्षेत्राच्या आशेवर किंमत लावतो आणि बँक इमारतीच्या उरलेल्या आयुष्यावर. सर्वसाधारण सभेचा ठराव, विकासकाचा प्रस्ताव आणि करार झाला असल्यास त्याची प्रत हातात असेल, तेवढ्याच आशेची किंमत मागावी. सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना सोसायटीला द्यायचे हस्तांतरण अधिमूल्य कमाल 25,000 रुपये आहे. समिती त्याहून मोठी ‘देणगी’ मागत असेल, तर तो तंटा मालकाने आधी मिटवावा, खरेदीदाराच्या माथी मारू नये.

आता मूल्यांकनकार. समजा व्यवहार 90 लाखांना ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांच्या वरचे आणि 75 लाखांपर्यंतचे गृहकर्ज मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंतच देता येते. बँकेने घराचे मूल्य 90 लाख धरले, तर कर्ज 72 लाख आणि खरेदीदाराचे स्वतःचे 18 लाख. परंतु मूल्यांकनकाराने बंद केलेली बाल्कनी आणि टेरेसवरची खोली मंजूर नकाशात नाही म्हणून वगळली आणि मूल्य 80 लाख लावले, तर कर्ज 64 लाखांवर येते आणि स्वतःचे 26 लाख लागतात. त्यात 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 6 लाख 30 हजार आणि नोंदणीचे 30,000 मिळवले की आकडा 24 लाख 60 हजारांवरून 32 लाख 60 हजारांवर जातो. हे 8 लाख त्याच्याजवळ नसतात, आणि असे सांगायला संकोच वाटतो म्हणून तो ‘घरच्यांना वास्तू पटली नाही’ म्हणतो. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावे केली, तर शुल्क 1 टक्क्याने कमी लागते, एवढे त्याला आवर्जून सांगावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे घर विकायला काढतानाच एखाद्या बँकेच्या यादीतील मूल्यांकनकाराकडून शुल्क भरून अहवाल घेणे. नकाशाबाहेरच्या बांधकामाची किंमत मागूच नये.

शहराच्या कडेला, 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली त्या पट्ट्यात, गुंठेवारीतील, म्हणजे रीतसर मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरील, इमारतींना अनेक बँका कर्जच देत नाहीत. नियमितीकरण झाले नसेल, तर अशा सदनिकेचा बाजार रोख पैसे असलेल्यांपुरता उरतो, आणि जवळच्या मंजूर प्रकल्पाचा भाव तिला लागू होत नाही. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी नियमितीकरणाचा मार्ग खुला केला. आपली इमारत त्यात बसते का, ते आधी पाहावे.

पुन्हा बाजारात उतरताना

कारण सापडले आणि दुरुस्त झाले की जुनी जाहिरात लगेच पुन्हा झळकवू नये. ती सर्व ठिकाणांहून काढावी, चार-सहा आठवडे घर शांत ठेवावे, मग नव्या छायाचित्रांसह आणि एकाच सुधारित किमतीने टाकावी. दर महिन्याला एकेक लाख उतरवत जाणे सर्वांत वाईट, कारण पाहणारा पुढच्या महिन्याची वाट पाहतो. पितृपक्षात घर नव्याने काढू नये. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा यांच्या आधीचे तीन आठवडे चांगले, आणि शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांसाठी मार्च-एप्रिल. आता घर विकण्यास योग्य असेल, तर पुण्यात असलेला खरेदीचा जोर तुमच्या उपयोगी पडतो: बांधकाम चालू असलेले घर घेताना बहुतेकदा लागणारा 5 टक्के वस्तू व सेवा कर जुन्या सदनिकेवर लागत नाही आणि ताबा लगेच मिळतो, हे मुद्दे जाहिरातीत ठळक मांडावेत.

कागदांचा संच एका फाइलमध्ये छायाप्रतींसह तयार ठेवावा आणि दुसऱ्या भेटीतच खरेदीदाराच्या वकिलासाठी द्यावा. टोकन घेताना एका पानावर का होईना, पण रक्कम, करारनाम्याची तारीख, कर्जमंजुरीची मुदत आणि मंजुरी न मिळाल्यास टोकन परत करायचे की नाही, हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आणि नवी जाहिरात टाकण्याआधी वही उघडून कागदांवरून परत गेलेल्यांना फोन करावेत. मावशीकडून परतलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाने तोवर वारज्यात घर घेतले होते. दुसऱ्यानेही घेतले होते, पण त्याने आपल्या कार्यालयातील एका सहकाऱ्याला पाठवले. तो फाइल घेऊन थेट वकिलाकडे गेला, आणि जिन्याविषयी त्याने एकदाच विचारले.